लॅपटॉपची तारयुक्त स्थानिक जाळ्याशी जोडणी

लॅपटॉपची तारयुक्त स्थानिक जाळ्याशी जोडणी म्हणजे लॅपटॉप हा सुवाह्य संगणक केबलच्या साहाय्याने घर, कार्यालय, महाविद्यालय किंवा प्रयोगशाळा अशा मर्यादित क्षेत्रातील संगणक जाळ्यास जोडणे होय. अशा जाळ्यास लॅन या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. आज वापरात असलेली बहुतेक सर्व तारयुक्त स्थानिक जाळी ईथरनेट या तंत्रज्ञानावर चालतात. त्यामुळे व्यवहारात या जोडणीस ईथरनेट जोडणी किंवा लॅन जोडणी असेही म्हणतात.

वरवर पाहता ही क्रिया केबलचे टोक पोर्टमध्ये बसवण्याइतकी साधी आहे. प्रत्यक्षात मात्र तीन गोष्टी क्रमाने घडाव्या लागतात: केबलच्या दोन टोकांवरील उपकरणांमध्ये विद्युत दुवा प्रस्थापित होणे, लॅपटॉपला जाळ्यातील पत्ता मिळणे आणि संकेतस्थळांच्या नावांचे पत्त्यांत रूपांतर होऊ लागणे. यांपैकी कोणतीही एक गोष्ट घडली नाही, तरी वापरकर्त्यास 'इंटरनेट चालत नाही' एवढेच दिसते. म्हणून जोडणी करताना आणि तिच्यातील दोष शोधताना हा क्रम ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

इतिहास

ईथरनेटचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. तेथील अभियंते रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात या कल्पनेची मांडणी केली. मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी उभारलेल्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट इतका होता. हवाई विद्यापीठातील अलोहानेट या रेडिओ जाळ्यापासून त्यांना प्रेरणा मिळाली होती. प्रकाशाचे वहन करणारे सर्वव्यापी माध्यम म्हणून एकोणिसाव्या शतकात कल्पिलेल्या 'ईथर'वरून या तंत्रज्ञानाचे नाव ठेवण्यात आले. डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १९८० मध्ये १० मेगाबिट वेगाचा समान आराखडा प्रसिद्ध केला. पुढे १९८३ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाचे मानक स्वीकारले. ईथरनेटच्या शोधासाठी मेटकाफ यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कार देण्यात आला.

आरंभीच्या ईथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच जाड समाक्ष केबलवर जोडलेले असत. दोन संगणकांनी एकाच वेळी संदेश पाठवल्यास त्यांची टक्कर होई आणि दोघांनाही थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. केबल एका ठिकाणी तुटली तरी संपूर्ण जाळे बंद पडत असे. १९९० मध्ये पिळलेल्या तांब्याच्या तारांवर चालणारे मानक आले. त्यानंतर प्रत्येक संगणकासाठी मध्यवर्ती उपकरणापर्यंत स्वतंत्र केबल टाकण्याची रचना रूढ झाली. याच प्रकारच्या केबलसाठी १९९५ मध्ये १०० मेगाबिट आणि १९९९ मध्ये १,००० मेगाबिट, म्हणजे एक गिगाबिट, वेगाची मानके संमत झाली. २०१६ मध्ये त्यांत २.५ आणि ५ गिगाबिट वेगांची भर पडली.

१९९० च्या दशकातील लॅपटॉपमध्ये जाळ्याचे पोर्ट सहसा अंगभूत नसे. पीसीएमसीआयए प्रकारचे पातळ कार्ड लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत सरकवून ही सोय करून घ्यावी लागे. नंतरच्या काळात पोर्ट थेट लॅपटॉपच्या बाजूला येऊ लागले. वाय-फायचा प्रसार झाल्यावर आणि लॅपटॉप अधिकाधिक पातळ होऊ लागल्यावर मात्र उलट प्रवास सुरू झाला. २००८ मध्ये ॲपल कंपनीने बाजारात आणलेल्या मॅकबुक एअरमध्ये हे पोर्ट नव्हते. आज अनेक पातळ लॅपटॉपना तारयुक्त जोडणीसाठी पुन्हा बाहेरील अडॅप्टरची गरज भासते.

आवश्यक घटक

पोर्ट आणि अडॅप्टर

लॅपटॉपवरील ईथरनेटचे पोर्ट आरजे-४५ या नावाने ओळखले जाते. त्यात आठ धातूचे संपर्क असतात. टेलिफोनच्या तारेचा प्लग दिसायला तसाच, पण अरुंद असतो. तो या पोर्टमध्ये शिरू शकतो, तथापि तेथे तो लावू नये. त्यामुळे कडेचे संपर्क वाकण्याचा धोका असतो. शिवाय घंटी वाजवण्यासाठी टेलिफोनच्या तारेवर येणारा विद्युत दाब ईथरनेटच्या पोर्टसाठी योग्य नसतो. काही पातळ लॅपटॉपमध्ये पोर्टचा खालचा भाग बिजागरीवर उघडतो. प्लग बसवण्यापूर्वी तो हलक्या हाताने खाली ओढावा लागतो.

पोर्ट नसल्यास यूएसबी अडॅप्टर वापरतात. तो निवडताना लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टचा आकार आणि वेग या दोन्ही बाबी पाहाव्या लागतात. यूएसबी २.० ची कमाल क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट असल्याने अशा पोर्टला लावलेला गिगाबिट अडॅप्टर पूर्ण वेग देऊ शकत नाही. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट असल्याने तेथे ही अडचण येत नाही.

प्रत्येक ईथरनेट पोर्टला ४८ बिटांचा एक हार्डवेअर पत्ता असतो. त्यास मॅक पत्ता म्हणतात. बाहेरील अडॅप्टर वापरल्यास जाळ्याला सामान्यतः अडॅप्टरचा पत्ता दिसतो, लॅपटॉपचा नव्हे. ज्या वसतिगृहांत किंवा कार्यालयांत मॅक पत्त्याची नोंद करूनच प्रवेश दिला जातो, तेथे हा भेद महत्त्वाचा ठरतो. अडॅप्टर बदलल्यास नोंद नव्याने करावी लागते. अडॅप्टर दुसऱ्याला वापरण्यास दिल्यास त्याने जाळ्यावर केलेल्या वापराची नोंद मूळ मालकाच्या नावे होऊ शकते.

केबल

ईथरनेटच्या केबलमध्ये तांब्याच्या आठ तारा चार जोड्यांत पिळलेल्या असतात. जोडीतील दोन तारांवरून परस्परविरुद्ध संकेत जातात. पिळामुळे बाहेरील विद्युत व्यत्यय दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो आणि ग्राहक उपकरण दोहोंमधील फरक तेवढा मोजत असल्याने तो व्यत्यय वजा होतो. केबलचे प्रकार कॅटेगरीने ओळखले जातात. कॅट-५ई केबल १०० मेगाहर्ट्झपर्यंतच्या आणि कॅट-६ केबल २५० मेगाहर्ट्झपर्यंतच्या वारंवारितेसाठी प्रमाणित असते. एक गिगाबिट वेगासाठी दोन्ही पुरेशा आहेत.

तांब्याच्या केबलवरील एका दुव्याची कमाल लांबी १०० मीटर मानली जाते. इमारतीच्या पक्क्या तारजोडणीत त्यांपैकी ९० मीटर भिंतीतील केबलसाठी आणि उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या सुट्या केबलसाठी राखलेले असतात. याहून अधिक अंतरासाठी मध्ये स्विच बसवावा लागतो किंवा प्रकाशतंतूची केबल वापरावी लागते.

प्लगमधील तारांच्या रंगक्रमाची टी-५६८ए आणि टी-५६८बी अशी दोन मानके आहेत. टी-५६८बी मध्ये पहिल्या संपर्कापासून पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी आणि तपकिरी असा क्रम असतो. दोन्ही टोकांना एकच क्रम असणे आवश्यक आहे. पूर्वी दोन संगणक एकमेकांना थेट जोडण्यासाठी वेगळ्या क्रमाची उलटजोड केबल लागत असे. आधुनिक पोर्ट तारांची अदलाबदल आपोआप ओळखत असल्याने आता तिची गरज क्वचितच भासते.

स्विच आणि राउटर

केबलचे दुसरे टोक स्विच, राउटर किंवा भिंतीवरील सॉकेट यांपैकी एकास जोडले जाते. स्विच हा जाळ्यातील उपकरणांमध्ये संदेशांची देवाणघेवाण घडवतो. कोणत्या पोर्टवर कोणता मॅक पत्ता आहे याची तो नोंद ठेवतो आणि संदेश योग्य त्या पोर्टवरच पाठवतो. राउटर स्थानिक जाळ्यास बाहेरील जाळ्याशी जोडतो. घरगुती राउटरमध्ये बहुधा छोटा स्विचही अंतर्भूत असतो. भारतातील घरांमध्ये प्रकाशतंतूची सेवा ज्या पेटीपर्यंत येते, तिच्यातच हे दोन्ही सामावलेले असल्याचे पुष्कळदा आढळते. अशा पेटीवर 'लॅन' असे लिहिलेल्या कोणत्याही पोर्टला लॅपटॉप जोडता येतो. 'वॅन' असे लिहिलेले पोर्ट बाहेरून येणाऱ्या सेवेसाठी असते.

कार्यालयांतील काही स्विच केबलमधूनच कॅमेरे किंवा टेलिफोन यांना वीज पुरवतात. मानकानुसार बनवलेला असा स्विच समोरच्या उपकरणास वीज हवी आहे का, हे आधी तपासतो. त्यामुळे त्यास लॅपटॉप जोडल्यास अपाय होत नाही. अशी तपासणी न करता सतत वीज सोडणाऱ्या स्वस्त विद्युत पेट्यांना मात्र लॅपटॉप जोडू नये.

जोडणीचे टप्पे

भौतिक दुवा

केबल लावताच दोन्ही टोकांची उपकरणे एकमेकांना लहान विद्युत स्पंद पाठवून आपापली क्षमता कळवतात. या प्रक्रियेस ऑटोनिगोशिएशन म्हणतात. दोघांनाही जमणारा सर्वाधिक वेग निवडला जातो आणि पोर्टजवळचा दिवा लागतो. दिवा लागणे ही भौतिक दुवा जुळल्याची खूण होय. पुढचे टप्पे पार पडले आहेत, असा त्याचा अर्थ नाही.

१० आणि १०० मेगाबिट वेगांसाठी केवळ दोन जोड्या वापरल्या जातात. गिगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात आणि प्रत्येक जोडीवरून एकाच वेळी दोन्ही दिशांना सेकंदाला २५० मेगाबिट माहिती वाहते. यामुळेच केबलमधील एखादी तार तुटली असता जोडणी पूर्णपणे बंद न पडता तिचा वेग १०० मेगाबिटवर उतरलेला आढळू शकतो.

पत्ता मिळणे

दुवा जुळल्यावर लॅपटॉपला आयपी पत्ता लागतो. बहुतेक जाळ्यांत तो डीएचसीपी या नियमावलीनुसार आपोआप मिळतो. लॅपटॉप प्रथम जाळ्यातील सर्वांना उद्देशून विचारणा करतो. पत्ते वाटणारा सर्व्हर एक पत्ता देऊ करतो, लॅपटॉप त्याची रीतसर मागणी करतो आणि सर्व्हर त्यास मान्यता देतो. पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिला जातो आणि मुदत संपण्यापूर्वी तो नूतनीकृत केला जातो. पत्त्याबरोबरच जाळ्याचा विस्तार दर्शवणारा सबनेट मास्क, बाहेर जाण्याचा मार्ग असलेल्या गेटवेचा पत्ता आणि नामसर्व्हरचा पत्ता ही माहितीही मिळते.

स्थानिक जाळ्यांसाठी आयपी पत्त्यांचे तीन गट राखीव आहेत: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. घरगुती राउटर बहुधा तिसऱ्या गटातील पत्ते देतात. काही कार्यालयांत व्यवस्थापक प्रत्येक संगणकास कायमचा पत्ता नेमून देतो. तेथे ही माहिती हाताने भरावी लागते. असा लॅपटॉप घरी नेल्यावर तोच पत्ता तेथे निरुपयोगी ठरतो. म्हणून सुवाह्य संगणकासाठी पत्ता आपोआप घेण्याची व्यवस्था अधिक सोयीची असते.

नावाचा शोध

वापरकर्ता संकेतस्थळाचे नाव लिहितो, परंतु संदेश आयपी पत्त्यावरच पाठवता येतो. नावावरून पत्ता शोधण्याचे काम डीएनएस ही यंत्रणा करते. नामसर्व्हर प्रतिसाद देत नसल्यास दुवा आणि पत्ता दोन्ही ठीक असूनही कोणतेही संकेतस्थळ उघडत नाही.

प्रत्यक्ष कृती

विंडोज, मॅकओएस आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींत सामान्य जाळ्यासाठी केबल लावण्यापलीकडे काही करावे लागत नाही. अंगभूत पोर्टसाठी लागणारा ड्रायव्हर बहुधा प्रणालीबरोबरच येतो. काही यूएसबी अडॅप्टरसाठी तो वेगळा बसवावा लागतो. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात ईथरनेटची स्थिती, वेग आणि पत्ता पाहता येतो. मॅकओएसमध्ये ही माहिती सिस्टीम सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात असते. लिनक्सच्या अनेक वितरणांत नेटवर्कमॅनेजर हे साधन हेच काम करते.

वाय-फाय आणि ईथरनेट एकाच वेळी चालू असल्यास प्रणाली त्यांपैकी एका मार्गास प्राधान्य देते. सामान्यतः तारयुक्त मार्गाची निवड होते, तथापि तशी खात्री देता येत नाही. तारेची जोडणी तपासायची असल्यास वाय-फाय तात्पुरते बंद ठेवणे इष्ट असते. अन्यथा केबल सदोष असूनही वाय-फायमुळे सर्व सुरळीत असल्याचा भास होतो.

दोष आणि त्यांचे निदान

दोष शोधताना वरील तीन टप्पे त्याच क्रमाने तपासतात.

दिवा न लागल्यास दोष केबल, प्लग, पोर्ट किंवा अडॅप्टर यांत असतो. भिंतीवरील सॉकेटच्या बाबतीत ते दुसऱ्या टोकाला स्विचशी जोडलेलेच नसण्याची शक्यताही असते. प्लगवरील प्लॅस्टिकची खिट्टी तुटल्यामुळे तो सैल राहणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. चालू असल्याची खात्री असलेली दुसरी केबल लावून पाहणे हा सर्वांत जलद उपाय होय.

दिवा लागला, पण वेग अपेक्षेहून फार कमी असल्यास केबलमधील एखादी जोडी सदोष असू शकते. एका टोकाला वेग हाताने निश्चित केलेला आणि दुसऱ्या टोकाला स्वयंचलित ठेवलेला असल्यासही जोडणी मंदावते. अशा वेळी एक टोक एकाच वेळी दुतर्फा वाहतूक करते आणि दुसरे टोक आळीपाळीने. परिणामी संदेश वारंवार नष्ट होतात. दोन्ही टोके स्वयंचलित ठेवल्यास हा दोष दूर होतो.

लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर आलेले नाही, असे समजावे. हा पत्ता लॅपटॉपने स्वतःच घेतलेला असतो आणि त्यावरून बाहेरील जाळ्याशी संपर्क साधता येत नाही.

पत्ता योग्य असल्यास पिंग या आज्ञेने प्रथम गेटवेशी आणि नंतर बाहेरील एखाद्या आयपी पत्त्याशी संपर्क होतो का, ते पाहतात. गेटवेपर्यंत संपर्क होऊन त्यापुढे होत नसल्यास दोष लॅपटॉपमध्ये नसून राउटर किंवा सेवापुरवठादार यांच्या बाजूस असण्याची शक्यता अधिक असते. मात्र काही उपकरणे पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे लागते. बाहेरील पत्त्याशी संपर्क होतो, पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, अशा स्थितीत दोष नामसर्व्हरचा असतो.

सुरक्षितता आणि जबाबदारी

तारयुक्त जाळ्यात शिरण्यासाठी इमारतीत प्रत्यक्ष पोहोचावे लागते. त्यामुळे रस्त्यावरून पकडता येणाऱ्या बिनतारी संकेतांपेक्षा ते बाहेरच्यांसाठी दुर्गम असते. मात्र मोकळे सॉकेट हे उघड्या दारासारखेच असते. म्हणून अनेक संस्था ८०२.१एक्स या मानकाचा अवलंब करतात. त्यानुसार वापरकर्त्याची ओळख पटल्याखेरीज स्विचचे पोर्ट खुले होत नाही. अनोळखी जाळ्यास लॅपटॉप जोडताना विंडोजमध्ये ते 'सार्वजनिक' म्हणून नोंदवल्यास इतर संगणकांना तो सहजासहजी दिसत नाही.

जोडणाऱ्याच्या एका चुकीमुळे संपूर्ण जाळे विस्कळीत होऊ शकते. एकाच केबलची दोन्ही टोके साध्या स्विचच्या दोन पोर्टना लावल्यास सर्वांना उद्देशून पाठवलेले संदेश चक्राकार फिरत राहतात आणि काही क्षणांत जाळे ठप्प होते. त्याचप्रमाणे घरगुती राउटरचे 'लॅन' पोर्ट कार्यालयाच्या जाळ्यास जोडल्यास तो इतरांच्या संगणकांना चुकीचे पत्ते वाटू लागतो. लॅपटॉपवरील इंटरनेट वाटून देण्याची सोय ईथरनेटच्या बाजूने चालू राहिल्यासही असाच परिणाम संभवतो. अशा घटनांत दोषाचे मूळ एका टेबलावर असते, पण तक्रारी सर्व इमारतीतून येतात.

विजेच्या कडकडाटाच्या वेळी बाहेरून टाकलेली तांब्याची केबल धोक्याची ठरते. एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर नेलेल्या केबलमध्ये जवळपास वीज पडल्यास मोठा विद्युत दाब निर्माण होतो. पोर्टमधील रोहित्र ठरावीक मर्यादेपर्यंतच संरक्षण देते. महाराष्ट्रात वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांचे प्रमाण अधिक असल्याने या काळात गडगडाट सुरू होताच लॅपटॉपपासून अशी केबल काढून ठेवणे हिताचे असते. इमारतींमधील जोडणीसाठी प्रकाशतंतू वापरल्यास हा धोका टळतो, कारण काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

बिनतारी जोडणीशी तुलना

वाय-फायवर एका वाहिनीवरील सर्व उपकरणे हवेतील तीच वारंवारिता वाटून घेतात आणि त्यांना आळीपाळीने बोलावे लागते. भिंती, अंतर आणि शेजारची जाळी यांचाही वेगावर परिणाम होतो. स्विचला जोडलेल्या लॅपटॉपला मात्र स्वतःची स्वतंत्र केबल असते आणि तो एकाच वेळी पाठवू व स्वीकारू शकतो. एक गिगाबिटच्या दुव्यावर मोठी फाइल पाठवताना सेकंदाला सुमारे ९४० मेगाबिट इतका प्रत्यक्ष वेग मिळू शकतो. उरलेला भाग पत्ते, तपासणी अंक आणि दोन संदेशांमधील अंतर यांत खर्च होतो. अर्थात इंटरनेटची सेवाच कमी वेगाची असल्यास केबल लावून ती वाढत नाही.

तारेमुळे लॅपटॉपची सुवाह्यता मर्यादित होते, हा या जोडणीचा प्रमुख तोटा आहे. त्यामुळे दैनंदिन वापरात वाय-फाय अधिक सोयीचे ठरते. परंतु संगणकाधारित परीक्षा, दूरस्थ मुलाखती, मोठ्या फाइलींची साठवण आणि थेट प्रक्षेपण अशा प्रसंगी क्षणभराचा खंडही महाग पडतो. तेथे तारयुक्त जोडणीस पसंती दिली जाते. नवी कार्यप्रणाली बसवताना वाय-फायचा ड्रायव्हर उपलब्ध नसल्यास जाळ्यापर्यंत पोहोचण्यासाठीही बहुधा हाच मार्ग उरतो.

हे सुद्धा पाहा

ईथरनेट
संगणक जाळे
राउटर
आयपी पत्ता
वाय-फाय